दोन काठांची एक पिसू

ट्रॉलीबसचे दांडे तारेवरून निसटले, गाडी गचका खाऊन चौकातच उभी राहिली, आणि सगळ्या गाडीत एकटी उल्बोसिन मोठ्याने हसली. हसण्यासारखं खरं तर काही घडलं नव्हतं. समोरच्या म्हातारीच्या पिशवीतले बटाटे घरंगळत लोकांच्या पायांत गेले होते, ड्रायव्हर जाड हातमोजे चढवत, तारेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मागे निघाला होता, आणि म्हातारीने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की शहाण्या माणसाने तिथल्या तिथे तोंड मिटलं असतं. "हस बाई, हस," म्हातारी म्हणाली, "तुझे बटाटे असते म्हणजे कळलं असतं." उल्बोसिन वाकून बटाटे गोळा करू लागली, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातात साबणाची डबी होती, अगदी सपाट धरलेली. डबीत कापूस, कापसावर दोन काचपट्ट्या, आणि एकेका काचपट्टीवर, अजून ओल्या असलेल्या डिंकात, एकेक पिसू. गचका बसला तेव्हा ती दचकली होती ती या डबीसाठी. फुटल्या असत्या तर? नाही फुटल्या. आणि फुटल्या असत्या तरी काय, बरणीत यांची भावंडं होती की अजून! 'भावंडं' हा शब्द मनात आला आणि हसू पुन्हा उसळलं. कित्येक वर्षं सगळ्या शहाण्यांनी ज्यांना दोन वेगळ्या जाती म्हणून दोन वेगळ्या खणांत ठेवलं होतं, ती दोघं सख्खी भावंडं निघाली होती, आज सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत. अख्ख्या अल्मा-अतात हे अजून दुसऱ्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

"चालतच जाते," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, आणि उतरून वर निघाली. या शहरात उजवं-डावं कुणी विचारत नाही. डोंगराकडे ते वर, स्टेपीच्या माळाकडे ते खाली, आणि दौलेत आगायचं, तिच्या जुन्या गुरुजींचं, घर वर होतं. रस्त्याकडेच्या पाटांतून वितळल्या बर्फाचं पाणी खळाळत खाली चाललं होतं, आणि ते आपल्या उलट दिशेला इतक्या घाईने का चाललंय, याचंसुद्धा तिला हसू येत होतं. तिला वाटत होतं, कुणालातरी थांबवावं. त्या किऑस्कवाल्या बाईला, नाहीतर सायकलची चेन बसवणाऱ्या त्या रशियन म्हाताऱ्याला. सांगावं, अहो, इली नदीच्या दोन काठांवर दोन पिसवा नाहीत, एकच आहे! म्हातारा म्हणाला असता, मग? आणि 'मग' काय ते सांगायला तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. की पिसू ओळखणं म्हणजे गाय ओळखणं नव्हे. नर ओळखायचा त्याच्या शेपटाकडच्या आकड्यावरून, मादी ओळखायची तिच्या पोटातल्या एका इवल्या पिशवीवरून. नराला पिशवी नसते, मादीला आकडा नसतो. नुसता नर एका गावी सापडला आणि नुसती मादी दुसऱ्या गावी, तर दोघं एका घरची आहेत हे कुणाच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. आणि तसंच झालं होतं. उजव्या काठावर सापळे लावून वाळूतले मोठे उंदीर धरले, विंचरले, तर पांढऱ्या परातीत पडायच्या त्या नुसत्या माद्या. नर उंदराच्या अंगावर फारसा राहतच नाही, तो खाली, खोल घरट्यात बसून असतो. डाव्या काठावर मात्र एक माणूस होता जो सापळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कुदळ घेऊन बीळच खणायचा, पार तळापर्यंत. त्याला मिळाले ते नर. उंदीर पळाले, माद्या उंदरांबरोबर पळाल्या. आणि मधे नदी. आगायची माणसं उन्हाळ्यात काम करायची, आणि उन्हाळ्यात इली अशी तुडुंब, अशी गढूळ वाहते की कुणालाही वाटावं, या भिंतीपलीकडे वेगळंच जग आहे. हिवाळ्यात ती गोठते, उंदीर तिच्यावरून रमतगमत जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हिवाळ्यात शास्त्रज्ञ मंडळी शहरात, शेगडीजवळ, नकाशे रंगवत बसलेली असत.

तिने डबी दुसऱ्या हातात घेतली. बोटं आखडली होती. आज सकाळी तिने प्लेग-संशोधन संस्थेतल्या आपल्या खोलीत येऊन, कोटसुद्धा न काढता, मायक्रोस्कोपला डोळा लावला होता. गेल्या हिवाळ्यात तिने हट्टाने उजव्या काठावर बीळ खणायला लावलं होतं. सगळे म्हणाले, सापळा लाव आणि गरम गाडीत बस की, कुदळ कशाला? कशाला, ते तिलाही नीट सांगता आलं नव्हतं. बाप खणायचा म्हणून तिला खणायचं होतं, शास्त्रबिस्त्र मागाहून. खोल घरट्यातून एकच जिवंत मादी हाती आली. पिंजऱ्यातल्या उंदरावर तिला पोसलं, तिने अंडी घातली, अंडी बरणीतल्या वाळूत, बरणी उबदार कपाटात. आई मेली तेव्हा तिला काचेवर चढवून पाहिलं: उजव्या काठाची मादी, शंकाच नको. मग कोश फुटले, पोरं बाहेर आली, आणि काल रात्रभर पोटॅशच्या पाण्यात पडून ती काचेसारखी आरपार झाली. पहिली पोरगी, आईसारखी. दुसरी पोरगी, आईसारखी. तिसरा नर. तिने स्क्रू फिरवला, आकडा धूसर होता तो हळूहळू स्पष्ट होत आला, आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. तो आकडा तिने झोपेतही ओळखला असता. कोयत्यासारखा वाकलेला, टोकाशी दोन राठ केस. तो डाव्या काठाचा नर होता. तो तिच्या बापाचा होता.

बापाचा म्हणजे, बापाच्या नावाचा. डाव्या काठावर कुदळ घेऊन खणणारा तो माणूस म्हणजे ओराझ, आगायच्या संशोधन-तळावरचा ड्रायव्हर, उंदीरपकड्या, वेळ पडली तर स्वयंपाकी. दौलेत आगायने त्याच्या नराला नाव दिलं: ओराझी. आणि त्याच दिवशी, शास्त्रीय मासिकाच्या त्याच अंकात, उजव्या काठाच्या मादीला आपल्या बायकोचं नाव दिलं: मग्फुराए. ओराझला ते छापलेलं पाहायला मिळालं नाही. वसंतातल्या पुरात रस्ता वाहून गेला होता आणि त्याच्या पोटात दुखू लागलं होतं. तळावरच्या कंपाउंडरने पोट दाबून पाहिलं, म्हणाला, शिळं मांस, दुसरं काही नाही, गरम पाण्याची पिशवी ठेवा. ते अपेंडिक्स होतं. उल्बोसिन तेव्हा इतकी लहान की तिला आठवतो तो फक्त एक वास, ओल्या वाळूचा आणि पेट्रोलचा, आणि मेंढीच्या टाचेची हाडं. बाप ती हाडं फेल्टच्या जाजमावर ओतायचा आणि म्हणायचा, लाव बघू, मेंढी मेंढीजवळ, हरण हरणाजवळ. ती चुकीचं हाड चुकीच्या ढिगात ठेवायची तेव्हा तो रागवायचा नाही. हाड उचलून तिच्या कानाजवळ धरायचा आणि म्हणायचा, ऐक, ते काय म्हणतंय, मी इथला नाही. तिला खरंच ऐकू यायचं.

आणि तिचं नाव. उल्बोसिन. म्हणजे 'मुलगा होवो'. पहिली मुलगी झाली की असं नाव ठेवतात, म्हणजे देवाच्या लक्षात राहतं. देवाच्या लक्षात राहिलं असेलही, पण मुलगा व्हायच्या आत बापच गेला. शाळेत पोरं म्हणायची, ए मुलगाहोवो, झाला का मुलगा? आणि घरी नातेवाईक जमले, मांस शिजलं, की कुणीतरी उसासा सोडायचंच: ओराझचं नाव बुडालं. तेव्हा तिची आई, बातिमा, एवढीशी बाई, ताट खाली ठेवून उठायची आणि भिंतीकडे बोट दाखवायची. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, मिशीवाल्या ओराझचा, आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच चौकटीत, तेवढ्याच काचेमागे, आगायच्या हातचं पिसवेचं चित्र. वीतभर मोठं, आकड्यासकट. "बुडालं? शास्त्रात आहे त्याचं नाव. तुमच्या पोरांची पोरं मरतील, तेव्हाही असेल." मागच्या मागे गावकरी म्हणायचे, बातिमाचा नवरा पिसू होऊन भिंतीवर बसलाय. पण आत आल्यावर चित्रासमोर टोपी काढायचे.

एकाच जातीला दोन नावं चालत नाहीत. एक राहतं, एक मरतं. हे उल्बोसिनला सकाळपासून माहीत होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं ते आत्ता, चढावर, धाप लागलेली असताना. ती थांबली. शेजारी सफरचंदाच्या फांद्या अजून उघड्याच होत्या. नेहमीचा नियम सरळ असतो: जे नाव आधी छापलं ते जगतं. पण ही दोन एकाच अंकात, एकाच दिवशी छापलेली. मग? अशा वेळी नियम काय म्हणतो ते तिने विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, कंटाळत, खडूने फळ्यावर, कारण असा प्रसंग कुणावर येतो कुठे! ज्या माणसाने दोघांना पहिल्यांदा एकत्र आणलं, तो निवडेल ते नाव. एकदा निवडलं आणि छापलं की कायमचं. तो माणूस ती होती. मी. तिला आनंदाची अशी उसळी आली की तिने डबी दोन्ही हातांनी धरली. बाबा, तुम्हाला मी ठेवणार! मुलगा होवो म्हणत होतात ना? मुलाने काय केलं असतं ते मी करते! आणि कुणाचं काही बिघडतही नव्हतं. मग्फुरा अपायला, आगायच्या बायकोला, ती पिसू कधीच नको होती. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने कौतुकाने अंक पुढे ठेवला तेव्हा ती बाई म्हणाली होती, "लोकांचे नवरे कानातलं आणतात, माझ्याने पिसू आणली." हा किस्सा संस्थेत दर वर्षी नव्या माणसाला ऐकवला जाई. पुढे तर कहरच झाला. मग्फुराए हीच उजव्या काठावर प्लेग पसरवते हे सिद्ध झालं, आणि डॉक्टरांच्या शिकवणीच्या खोलीत भलामोठा तक्ता लागला, लाल अक्षरांत तिचं नाव. नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला अपाय एकदा संस्थेत आली, ते पाहून तशीच उलट पावली गेली, आणि आठवडाभर घरात बोलणं बंद. उजवा काठ धोक्याचा, डावा काठ निर्धोक, मग्फुराए घातकी, ओराझी निरुपद्रवी; सगळे डॉक्टर हेच शिकून बाहेर पडत. डाव्या काठावरचे पहारे केव्हाच उठले होते. हिवाळ्यात तिथे मेंढपाळांची वस्ती असते, आणि पिसू एकच, तर प्लेगचा धोकाही दोन्ही काठांना. उल्बोसिनला हे आठवलं आणि पाय पुन्हा भराभर उचलले गेले. सांगायलाच हवं होतं, लगेच, आधी आगायला, मग सगळ्यांना.

दार मग्फुरा अपायनेच उघडलं. निवृत्त संगीतशिक्षिका, ताठ पाठीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. "ये ये, उल्बो. बूट काढ. आणि हातात काय आणलंयस ते माझ्या टेबलावर ठेवू नकोस, मला माहितीये तुम्ही लोक काय आणता." आतून आगाय ओरडले, "कोण आहे?" "तुझीच एक आलीये, अंगात आल्यासारखी दिसतेय!" दौलेत आगाय खिडकीजवळ बसले होते. हात आता थरथरत, त्यामुळे काचपट्टी तिनेच त्यांच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली सरकवली. काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "आगाय, ही दोन सख्खी भावंडं आहेत. एका बरणीतली." त्यांनी पाहिलं. पहिली काच. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. स्वयंपाकघरात चहाचा समोवार कुरकुरत होता. तिला वाटलं, चिडतील. आयुष्यभराच्या कामातला खांब काढून घेत होती ती. आगायने डोळा वर केला आणि तो डोळा पाण्याने भरलेला होता. "नवराबायको!" ते म्हणाले. "अगं, नवराबायको होती ती! आणि मी त्यांना नदीच्या दोन काठांना ठेवलं! मग्फुरा! मग्फुरा, इकडे ये, बघ तुझ्या नवऱ्याने काय गाढवपणा केलाय!" आणि ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत, आणि उल्बोसिनही, आणि दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, हात उडवत, नदी, बर्फ, घरटी, उंदीर, सगळं एकदम बोलू लागली. "हिवाळा!" आगाय म्हणाले. "मी हिवाळ्यात गेलोच नाही कधी! एकटा ओराझ म्हणायचा, आगाय, जानेवारीत चला, जानेवारीत खरं दिसतं. मी म्हणायचो, जानेवारीत माझे गुडघे दिसतात मला." कितीतरी वर्षांत आगायना असं तरुण पाहिलं नव्हतं तिने. याच माणसाने तिला सांगितलं होतं, चूक सापडली की केक आण.

मग ते शांत झाले. "म्हणजे आता एकच नाव."

"एकच."

"एकाच अंकातली आहेत. म्हणजे निवडायचं तू." ते तिच्याकडे बघत राहिले. "ओराझ ठेव. विचार कसला करतेस? माणूस गेला, मुलगा नाही, निदान नाव राहू दे. माझी बायको तुला आशीर्वाद देईल वर."

"देईन की!" दारात उभी असलेली अपाय म्हणाली. टाळी वाजवली तिने. "सुटले बाई एकदाची. आता माझ्या नावाने कुणी उंदीर विंचरणार नाही. बसा, चहा आणते, आज साखरही जास्त घालते."

ती चहा ओतू लागली. उल्बोसिन बोलतच होती, डाव्या काठावर पुन्हा पहारा कसा लावायचा, कुणाला आधी कळवायचं. हातात पेला आला तशी ती थांबली. पेला काठोकाठ भरलेला होता. इतका की दुधाची साय बाहेर झुकली होती. कझाक घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाहुण्याला अर्धाच पेला देतात, पुन्हा पुन्हा देतात, घरातल्या बाईला पाहुणा हवा असतो तोवर. काठोकाठ भरून दिला म्हणजे घ्या आणि निघा. मग्फुरा अपाय तातार, पण लग्नानंतरचं सारं आयुष्य या घरात गेलेलं, आणि या घरात उल्बोसिनने कित्येक वर्षं चहा घेतला होता. कधी अर्ध्याच्या वर रेष गेली नव्हती. तिने वर पाहिलं. अपायला आपण काय केलं ते कळलंच नव्हतं. ती समोवारच्या तोटीकडे बघत होती आणि तिचा चेहरा, तो ताठ, चेष्टेखोर चेहरा, एखाद्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीचा झाला होता.

"अपाय," उल्बोसिन म्हणाली.

"काय गं? अगोबाई." तिने पेला पाहिला आणि रुमालाचं टोक तोंडाशी नेलं. "अगोबाई, हे मी काय केलं. दे इकडे."

"राहू द्या."

"हात वाहवला." अपाय खाली बसली. "मी वेडी आहे. खरंच नको होती मला ती. शेजारणी विचारायच्या, नवऱ्याने काय दिलं, मी म्हणायची पिसू दिली, प्लेगची! रोज शिव्या घातल्या तिला. इतकी वर्षं. आता काय, सवय लागली होती. उद्यापासून शिव्या कुणाला घालू? याला?" तिने नवऱ्याकडे मान हलवली. "हा तर निम्मा बहिरा."  आगायनी आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिने तो झटकला नाही.

उल्बोसिनला वाटलं, कुणी तरी तिच्या खिशातून काही काढून घेतलंय. सबब गेली होती. अपायला नको आहे, ही सबब. पण ती गेल्यावर तिच्या मागे जे उभं होतं ते अपायच्या डोळ्यांतल्या पाण्याहूनही अवघड होतं, आणि ते तिला चढावरच दिसलं होतं, फक्त तिने पाहायचं टाळलं होतं. तो तक्ता. लाल अक्षरं. प्रत्येक जिल्ह्यातला डॉक्टर, प्रत्येक तळावरचा कंपाउंडर, मग्फुराए म्हटलं की ताठ होतो. ओराझी म्हटलं की जांभई देतो. उद्या तिने छापलं, की दोन्ही काठांवर आता ओराझी म्हणा. छापेल ती. पण ते कुणी वाचेल, कुणी वाचणार नाही, कुणी निम्मं वाचेल. जानेवारीत डाव्या काठावरच्या एखाद्या झोपडीत कुणाला ताप भरेल, काखेत गाठ येईल, आणि त्याच्या अंगावरची पिसू बघून कुणीतरी म्हणेल, ओराझी, निरुपद्रवी, दुसरं काही नाही, गरम पाण्याची पिशवी ठेवा.  शिळं मांस. दुसरं काही नाही. तिचा बाप नेमका त्यानेच मेला होता: त्याचं दुखणं चुकीच्या ढिगात ठेवलं गेलं होतं म्हणून. कुणी ते उचलून कानाजवळ धरलं नव्हतं. आणि त्याच्याच नावाने ती आता सगळ्या स्टेपीभर तोच घोटाळा पेरायला निघाली होती, प्रेमापोटी. तिला बापाचा राग आला, असा मरून गेल्याबद्दल, अशी एकच पोरगी आणि एकच पिसू मागे ठेवल्याबद्दल. मग राग गेला, आणि आश्चर्य असं की सकाळचा आनंद होता तो तसाच होता, जराही कमी न झालेला. नर तोच होता. आकडा तोच. कुठल्याही नावाने हाक मारली तरी तो आज सकाळी तिच्यासमोर हळूहळू स्पष्ट होत आला होता, आणि ते कुणाला पुसता येणार नव्हतं.

तिने तो काठोकाठचा पेला उचलला, तोंड भाजत रिकामा केला आणि पुढे केला. "अपाय, अजून एक. अर्धा."

अपायने ओतला. अर्धा.

"आगाय, तक्त्यावर कुणाचं नाव आहे?"

"ते बदलता येतं."

"तक्ता बदलेल. डॉक्टरांची डोकी बदलायला किती वर्षं लागतील? नाव कशासाठी असतं, तुम्हीच शिकवलंत ना?"

आगायनी उत्तर दिलं, वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखं. "शोधणाऱ्याला सापडावं म्हणून."

"मग झालं तर."

"पोरी, तुझ्या आईला काय सांगशील?" हे अपायने विचारलं. आणि लगेच म्हणाली, "नको गं. ठेव बापाचं. मी खरंच सांगते, ठेव." पण उल्बोसिन साबणाची डबी बंद करत होती, आणि तिला आता पुन्हा घाई झाली होती.

खाली येताना पाटातलं पाणी तिच्याबरोबर धावत होतं. पोस्टात ट्रंक कॉलसाठी रांग होती. उश्तोबे गावात आईच्या शेजारच्या रेल्वेच्या माणसाकडे फोन होता. तो आईला बोलावून आणेपर्यंत बूथमध्ये उभं राहायचं, नुसती खरखर ऐकत. काय सांगायचं ते तिने तीन प्रकारे ठरवलं आणि तिन्ही विसरली. आई पळत आली असावी. धाप ऐकू आली.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, बाबांच्या पिसूला बायको सापडली."

खरखर. "काय सापडली?"

"बायको. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं ती दुसऱ्या जातीची. पलीकडच्या काठाची. त्यांच्याच जातीची निघाली. मी शोधली, आई. मीच."

"पलीकडच्या काठाची," आई म्हणाली. मग सावधपणे, जणू खरंच स्थळ आलंय, "चांगल्या घरची आहे का?"

उल्बोसिन हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "दौलेत आगायच्या घरची. पण आई, ऐक. आता दोघांचं नाव एकच लागणार. निवडायचं माझ्या हातात होतं. मी तिचं ठेवलं. बाबांचं जाणार. लोक चुकू नयेत म्हणून, डॉक्टर चुकू नयेत म्हणून. तो कंपाउंडर चुकला तसं..." 

  तिला आईची भिंत दिसत होती, दोन चौकटी, एकीत मिशी, दुसरीत आकडा.

"म्हणजे तुझा बाप घरजावई झाला," बातिमा म्हणाली.

उल्बोसिनने डोळे मिटले. कझाक माणसाला याहून खालची शिवी नसते.

"तिकडे कळवलंस का, डाव्या काठाला? माझ्या दिराची मेंढरं आहेत तिथे."

"आता इथूनच जाते सांगायला."

"जा मग." आणि फोन ठेवता ठेवता, आवाज एकदम अगदी वेगळा, तरुण बाईचा: "बरं केलंस, माझ्या शिंगरा. इतकी वर्षं एकटाच होता तिथे."